पंख्याची घरघर आणि संगणकाचा ताप

चैत्र सरता सरता अनेक घरांतील आणि छोट्या कार्यालयांतील डेस्कटॉप संगणक आवाज करू लागतात. हिवाळ्यात ज्याचे अस्तित्वही जाणवत नव्हते, तो टेबलाखालचा डबा सकाळी सुरू करताच घरघरतो, दुपारी पिठाच्या गिरणीसारखा धडधडतो आणि रात्री कुणी अभ्यासाला बसले, की त्याचा सूर कानात घुमत राहतो. यावरचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे डब्याच्या बाजूवर एक थाप मारणे. थापेसरशी आवाज पुष्कळदा थांबतोही. मात्र त्याने दुरुस्ती होत नाही. जागेवरून सरकलेला एखादा भाग क्षणभर जागेवर येतो, इतकेच. त्यातच डब्यात फिरती हार्ड डिस्क असेल, तर त्या थापेने होणारे नुकसान पंख्याच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते.

आवाज करणारा पंखा ही कटकट मानली जाते. वास्तविक ती सूचना असते. घरघरणारा पंखा निदान फिरत तरी असतो. महिनाभर घरघरून एके दिवशी अचानक शांत झालेला पंखा हीच खरी काळजीची बाब आहे.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केलेला बरा. ज्या डब्याला घरोघरी ‘सीपीयू’ म्हटले जाते, ते कॅबिनेट होय. सीपीयू म्हणजे त्या डब्यातील मदरबोर्डावर बसवलेला प्रोसेसर. त्यातील सिलिकॉनची चकती अंगठ्याच्या नखाएवढी असते आणि सर्वाधिक उष्णता तिथेच निर्माण होते. या उष्णतेची कल्पना येण्यासाठी एक ढोबळ हिशेब करता येईल. घरातील साधी इस्त्री १००० वॅटची असते आणि तिचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भरतो; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. ६५ वॅटचा मध्यम प्रोसेसर तेवढी सारी उष्णता दीड-दोन चौरस सेंटिमीटरमधून बाहेर टाकतो. म्हणजे तेवढ्याच जागेत इस्त्रीच्या सहा ते आठ पट. ही उष्णता सतत काढून नेली नाही, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

संगणकाला पंख्याची गरज नेहमीच इतकी नव्हती. ऐंशीच्या दशकातील संगणकांत प्रोसेसर उघडाच असे. पंखा असे तो वीजपुरवठ्याच्या डब्यात. १९९३ मध्ये पहिला पेंटियम आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पात्यांची उष्णताशोषक जाळी व त्यावर पंखा हे दृश्य रुळू लागले. पुढे वेग वाढत गेला तशी उष्णताही वाढली. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित केला. चालू संगणकातील प्रोसेसरवरून ती जाळी पंख्यासह काढून घेण्यात आली. पेंटियम ४ आपला वेग कमी करून तग धरून राहिला. त्या काळच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र पाहता पाहता धूर निघाला. आज सर्वच प्रोसेसरमध्ये स्वसंरक्षणाची सोय असते. तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले, की प्रोसेसर आपणहून मंद होतो आणि तरीही भागले नाही, तर संगणक बंद पडतो. त्यामुळे पंखा बिघडल्यावर आता धूर निघत नाही. संगणक ‘स्लो’ होतो, दुपारी अचानक बंद पडतो, आणि मालक व्हायरसला दोष देत नवा संगणक घेण्याचा विचार करू लागतो. काही शे रुपयांच्या पंख्यापायी काही हजारांचा संगणक मोडीत निघण्याचा मार्ग हाच.

आवाज नेमका कुणाचा?

कॅबिनेटमध्ये एकाहून अधिक पंखे असतात. एक प्रोसेसरवर, एक वीजपुरवठा करणाऱ्या डब्यात म्हणजे एसएमपीएसमध्ये, एक-दोन कॅबिनेटच्या मागे-पुढे आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास त्यावर आणखी एक ते तीन. शेजारी ठेवलेल्या यूपीएसमध्येही काही वेळा पंखा असतो. कॅबिनेट खोलून सारे झाल्यावर आवाज यूपीएसचा होता असे कळणे हा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून हत्यारे हाती घेण्यापूर्वी कान वापरावा.

आवाजाच्या जातीवरून बरेच काही कळते. नियमित लयीत टिक-टिक किंवा फर-फर होत असेल, तर एखादी वायर पात्यांना घासत असण्याची शक्यता सर्वाधिक. हा सर्वांत सोपा बिघाड. वायर बाजूला घेऊन प्लास्टिकच्या पट्टीने बांधली, की काम झाले. संपूर्ण डबा थरथरल्यासारखा घूं-घूं आवाज येत असेल, तर पात्यांवर धूळ एका बाजूला जास्त साचून त्यांचा तोल गेलेला असतो किंवा पंख्याचे स्क्रू सैल झालेले असतात. सकाळी सुरू करताना खरखर आणि पाच-दहा मिनिटांनी शांतता, हे बेअरिंगमधील वंगण आटत आल्याचे लक्षण. उष्णतेने उरलेसुरले वंगण पातळ होते आणि पंखा तात्पुरता सुरळीत फिरतो. खरखर दिवसभर राहू लागली, तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. आणि खरखर नसून केवळ वाऱ्याचा झोत जोरात वाहिल्यासारखा आवाज असेल, तर पंखा निर्दोष आहे. त्याला जास्त वेगाने फिरावे लागत आहे. अशा वेळी पंखा बदलून काहीही साधत नाही.

शेवटच्या या भेदाकडे दुर्लक्ष होते आणि पैसे वाया जातात. पंखा बदलला, आवाज तसाच, मग दुसरा महागडा पंखा, तरी आवाज तसाच, अशी साखळी सुरू होते. कारण उष्णतेत असते आणि उपचार पंख्यावर चाललेला असतो.

कोणता पंखा ओरडतो हे शोधण्यासाठी जाड कागदाची नळी करून तिचे एक टोक कानाला आणि दुसरे टोक पंख्याजवळ, पण पात्यांपासून दूर धरावे. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखीच ही युक्ती आहे आणि ती उत्तम चालते. तरीही शंका राहिली, तर पंख्याच्या मधल्या गोल भागावर पेन्सिलीचे खोडरबराचे टोक एक-दोन सेकंद हलकेच टेकवून तो थांबवावा. आवाज थांबला, तर गुन्हेगार सापडला. बोट वा धातूची वस्तू आत घालू नये. एसएमपीएसच्या जाळीतून तर काहीही आत सारू नये.

या तपासात एक शक्यता सर्वांत आधी निकालात काढावी लागते. आवाज पंख्याचा नसून हार्ड डिस्कचा असू शकतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि त्यांच्यावरून वाचक-शीर्ष सरकत असते. ठरावीक अंतराने येणारा ‘कट्… कट्…’ असा आवाज, त्यासोबत फाइल उघडताना संगणक अडखळणे, ही डिस्क शेवटच्या घटका मोजत असल्याची खूण असते. अशा वेळी कॅबिनेट खोलणे, साफसफाई, पंख्याची चौकशी हे सारे बाजूला ठेवून प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. पंखा बाजारात पुन्हा मिळतो. लग्नाची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब, निम्मा लिहून झालेला प्रबंध परत मिळत नाही. एसएसडीमध्ये फिरता भाग नसल्याने तिच्याकडून असा आवाज येत नाही. मात्र कित्येक संगणकांत एसएसडीच्या जोडीला जुनी डिस्कही असते, हे ध्यानात ठेवावे. ग्राफिक्स कार्ड वा एसएमपीएसमधून कधी कधी येणारा अतिशय बारीक, डासासारखा सूं आवाज हाही पंख्याचा नसतो. तो विजेच्या वेटोळ्यांच्या कंपनाचा असतो. कानाला तो त्रासदायक, पण सहसा निरुपद्रवी.

धुळीचे गणित

पंखा खोलीतील हवेपेक्षा प्रोसेसरला थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता हवेच्या स्वाधीन करतो. म्हणून खोली २५ अंशांवर असताना जो प्रोसेसर ६० अंशांवर राहतो, तोच नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली, की पंख्याचा वेग तोच धरल्यास ७५ अंशांच्या आसपास जातो. मदरबोर्डला हे समजते आणि तो पंख्याचा वेग वाढवतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला, तर वाऱ्याचे प्रमाणही साधारण दुप्पट होते. पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट मोठी वाटते. यावरून वेगाची किंमत कानाला किती मोजावी लागते, हे ध्यानात येईल.

उन्हाळ्याच्या जोडीला धूळ. धातूच्या जाळीतील पात्यांमधील फटी अवघ्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात. पंखा वरून हवा ढकलतो, हवेतील तंतू त्या फटींच्या तोंडाशी अडकतात, तंतूंवर धूळ बसते आणि वर्ष-दीड वर्षात पंखा व जाळी यांच्यामध्ये राखाडी रंगाची, वाकळेसारखी जाड गादी तयार होते. वरून पाहिल्यास पंखा स्वच्छ दिसतो. गादी त्याच्या खाली असते. म्हणून ‘साफ केला तरी आवाज गेला नाही’ अशी तक्रार ऐकू येते.

ही धूळ सर्वत्र सारखी नसते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावांत हवेत कापसाचे तंतू असतात आणि ते जाळी फार लवकर बुजवतात. स्वयंपाकघराला लागून संगणक असेल, तर फोडणीच्या तेलकट वाफेने धूळ चिकट होते. ती नुसत्या फुंकरीने निघत नाही. देवघराशेजारी ठेवलेल्या संगणकात उदबत्तीच्या धुराचा असाच पिवळसर थर सापडतो. कोकण किनारपट्टीवर धुळीपेक्षा खारी, दमट हवा अधिक त्रास देते. तिथे स्क्रू आणि जोडण्या गंजतात.

त्यात भर पडते ती संगणकाच्या टेबलाची. डबा ठेवण्यासाठी केलेला कप्पा बहुधा तिन्ही बाजूंनी बंद असतो. मागून बाहेर पडलेली गरम हवा कप्प्यातच कोंडते आणि पुढून पुन्हा आत ओढली जाते. धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून घातलेले कापडी वा प्लास्टिकचे आच्छादन संगणक चालू असतानाही तसेच ठेवणारी घरेही कमी नाहीत. डबा कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला, एवढ्यानेच पंख्याचा आवाज उतरल्याची कितीतरी उदाहरणे देता येतील. खर्च शून्य. हा प्रयोग सर्वांत आधी करावा.

साफसफाई करताना

संगणक रीतसर बंद करून वायर भिंतीतील सॉकेटमधून काढावी आणि त्यानंतर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे; आत शिल्लक असलेली वीज त्याने निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावला, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतही उतरते. घरातील धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर आतील भागांच्या जवळ नेऊ नये. त्याच्या प्लास्टिकच्या तोंडाशी स्थिर विद्युत निर्माण होते. हवा फुंकणारा ब्लोअर, हवेचा डबा किंवा नवा, कोरडा, मऊ केसांचा रंगाचा ब्रश पुरे. ओले फडके अजिबात नको. हे काम गॅलरीत किंवा अंगणात करावे. घरात केल्यास सारी धूळ पुन्हा त्याच खोलीत बसते.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, ही सूचना क्षुल्लक वाटते आणि बहुतेक जण ती पाळत नाहीत. जोराच्या झोताने मोकळा सोडलेला पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो, त्याने बेअरिंगला इजा होते, आणि वेगाने फिरणारी मोटर स्वतःच जनित्र बनून उलटी वीज मदरबोर्डकडे पाठवू शकते. साफसफाईनंतर आवाज वाढल्याच्या तक्रारींमागे कित्येकदा हेच असते.

जाळीवरील धुळीची गादी जाड असेल, तर पंखा वेगळा काढून ती चिमट्याने उचलावी. पंख्यासह संपूर्ण जाळीच प्रोसेसरवरून काढली, तर मात्र दोघांमधील थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट पुरते; अधिक लावल्याने अधिक गारवा मिळत नाही. एएमडीच्या एएम४ जातीच्या प्रोसेसरवरून जाळी सरळ वर ओढल्यास वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटला जातो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग बंद करून जाळी हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावी. इंटेलच्या जुन्या पद्धतीच्या पंख्याला चार कोपऱ्यांत दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातील एक जरी अर्धवट बसली, तर जाळी तिरकी राहते, तापमान चढते आणि पंखा पूर्वीपेक्षा जोरात ओरडतो.

तेल घालावे का?

बेअरिंग आटले असेल, तर तेलाचा विचार सहज मनात येतो. तो पूर्ण चुकीचा नाही. स्वस्त पंख्यांत स्लीव्ह जातीचे बेअरिंग असते. सच्छिद्र पितळी नळीत मुरवलेल्या तेलावर दांडा फिरतो. उष्णतेने ते तेल वर्षानुवर्षे उडत जाते. अशा पंख्याचे मागचे लेबल उचकटल्यास काही वेळा रबराचे बूच दिसते. ते काढून शिलाई मशीनच्या तेलाचे एक, फार तर दोन थेंब सोडावेत, पाती हाताने फिरवावीत, सांडलेले तेल टिपून घ्यावे आणि बूच लावून वर चिकटपट्टी मारावी. तेल लागलेले लेबल पुन्हा चिकटत नाही.

खोबरेल तेल मात्र घालू नये. ते २४ अंशांच्या खाली थिजते. पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी त्या पंख्याची अवस्था काय होईल, हे केसांना तेल लावणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. गंज सोडवणारे फवारेही या कामाचे नाहीत. ते जुने वंगण धुऊन काढतात आणि स्वतः लवकर उडून जातात. बॉल बेअरिंगचे व बहुतेक नवे पंखे बंदिस्त असतात, त्यांना तेल घालायची सोयच नसते. आणि दांडा झिजून पंखा हलवल्यावर लटपटत असेल, तर कोणतेही तेल ती झीज भरून काढणार नाही. तेलाने काही महिने मिळतात. नवा पंखा आणायला तेवढी सवड पुरेशी आहे.

नवा पंखा घेताना जुना सोबत नेणे उत्तम. कॅबिनेटचे पंखे ८०, ९२, १२० आणि १४० मिलिमीटर अशा मापांत येतात. कॅबिनेटमध्ये जागा असेल, तर मोठा पंखा केव्हाही श्रेयस्कर. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ ८०च्या सव्वादोन पट असल्याने तो मंद फिरूनही तेवढीच हवा देतो. जोडणीत तीन पिना आहेत की चार, हे पाहावे. चार पिनांच्या पंख्याला वेगाचा हुकूम वेगळ्या तारेतून मिळतो. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलावा लागतो. तीन पिनांचा पंखा चारच्या जागी बसतो. परंतु मदरबोर्डच्या मांडणीत योग्य पर्याय निवडला नाही, तर तो सतत पूर्ण वेगाने फिरतो आणि नवा असूनही गोंगाट करतो. बसवताना दिशाही सांभाळावी. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे आणि लेबल असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा हवा. दोन्ही एकमेकांविरुद्ध बसवलेली कॅबिनेट दुर्मीळ नाहीत.

पंखा ठीक, जाळी स्वच्छ, हवा मोकळी आणि तरीही संगणक रिकामा बसलेला असताना वारा घोंघावतो, असे झाल्यास टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर कशात गुंतला आहे ते पाहावे. विंडोजचे अद्ययावतीकरण किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असेल, तर आवाज तासाभरात ओसरेल. अनोळखी नावाची प्रक्रिया दिवसरात्र प्रोसेसर व्यापून बसली असेल, तर मालकाच्या नकळत आभासी चलन खणणारा एखादा घुसखोर आत शिरलेला असू शकतो. तेथे बिघाड पंख्याचा उरत नाही.

संगणक सुरू करताना ‘सीपीयू फॅन एरर’ अशी ओळ येते आणि एफ१ दाबल्यावर काम पुढे सरकते. कित्येक कार्यालयांत हे एफ१ दाबणे रोजच्या हजेरीसारखे अंगवळणी पडलेले असते. ती ओळ सांगत असते, की प्रोसेसरचा पंखा फिरत नाही किंवा फारच मंद फिरतो आहे. आवाज सहन होत नाही म्हणून पंख्याची वायर काढून ठेवणारेही आहेत आणि त्यांनाही हीच ओळ दिसते. मदरबोर्डच्या बायोसमध्ये प्रत्येक पंख्याचे मिनिटाचे फेरे आणि प्रोसेसरचे तापमान आकड्यांत पाहता येते. नवा पंखा बसवल्यावर हे दोन आकडे कॅबिनेटच्या आतील बाजूला कागदावर लिहून चिकटवले, तर पुढच्या उन्हाळ्यात तुलनेला ते उपयोगी पडतात. कोणत्या तापमानाला पंख्याने किती वेग घ्यावा, हेही तिथेच ठरवता येते; मात्र आवाज टाळण्यासाठी वेग इतका उतरवू नये, की काम वाढताच तापमान ९० अंशांपलीकडे जाईल.

राहता राहिला एसएमपीएसचा पंखा. तो घरी उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिचे रूपांतर सुमारे ३२५ व्होल्टमध्ये होऊन ती कपॅसिटरमध्ये साठते, आणि वायर काढल्यानंतरही काही काळ तिथेच राहते. जाळीतून बाहेरूनच ब्लोअर मारावा. आवाज न गेल्यास संपूर्ण एसएमपीएस बदलावा किंवा जाणत्या कारागिराकडे द्यावा. त्याच्याकडे जाताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगून थांबू नये. आवाज सकाळी येतो की दिवसभर, मागच्या बाजूने येतो की मधून, आणि आधी येत होता तो आता बंद झाला आहे का, हे सांगितले, तर तोही नेमक्या भागालाच हात घालतो.